टाकी फुल्ल, पण किती फुल्ल?

लोकलच्या तीन जणांच्या बाकावर चौथा बसतोच, आणि बाक काही मोडत नाही. ही फिलॉसॉफी फक्त मुंबईची आहे असं वाटत असेल तर उत्तर फ्लोरिडात जाऊन बघा. तिथे हाय स्प्रिंग्ज गावाच्या आसपास जमिनीखाली पाण्याने भरलेल्या गुहा आहेत. त्यात शिरणारे केव्ह डायव्हर्स हीच फिलॉसॉफी पाठीवर बांधून फिरतात. तिला तिथे नावही आहे, 'केव्ह फिल'.

भानगड अशी. लो-प्रेशर स्टीलच्या टाकीवर २४०० पीएसआय असा आकडा ठोकलेला असतो. टेस्टच्या तारखेपुढे अधिकचं चिन्ह असेल तर दहा टक्के जास्त, म्हणजे २६४०. (तुमच्या कारच्या टायरमध्ये तीसेक पीएसआय असते, म्हणजे अंदाज येईल.) हे लोक त्याच टाकीत ३६०० पर्यंत हवा कोंबतात. वर्षानुवर्षं, दर वीकेंडला.

आता यांना वेडे म्हणण्याआधी त्यांची बाजू ऐका. समुद्रात काही बिघडलं तर डायव्हर वर येऊ शकतो. गुहेत वर दगड असतो. जितकं आत गेलात तितकंच मागे यायचं, तेही कदाचित अंधारात आणि कदाचित जोडीदाराला आपल्या टाकीतली हवा देत. म्हणून नियम तिहाईचा: एक हिस्सा जायला, एक यायला, एक राखीव. इथे जास्त हवा म्हणजे जास्त आयुष्य, असा सरळ हिशोब. १०४ घनफुटांची टाकी ३६०० ला नेली की कागदावर तिच्यात १४० च्या आसपास मावते. इतक्या प्रेशरला हवा पुस्तकातल्या नियमासारखी दबत नाही, त्यामुळे प्रत्यक्षात थोडी कमीच. तरी पाठीवरच्या जोडटाकीत मिळून जवळजवळ एक अख्खी साधी टाकी फुकट मिळते. मोह होणारच ना!

शिवाय ते हायड्रो टेस्टकडे बोट दाखवतात. अमेरिकेत दर पाच वर्षांनी टाकी पाण्यात ठेवून ठरलेल्या प्रेशरच्या पाच-तृतीयांश पट, म्हणजे २४०० वालीला ४००० पीएसआय देऊन तपासतात. मग ३६०० ला काय होतंय? आणि स्टीलचा स्वभावही सोशिक, एका मर्यादेच्या आत ताण राहिला तर ते थकत नाही.

मुद्दा बिनतोड वाटतो, पण मला पटत नाही. टेस्ट पाच वर्षांतून एकदा होते, ओव्हरफिल दर शनिवारी. मधल्या काळात आत गंज धरला, तर मधलं जे मार्जिन आहे ते त्याच्यासाठीच तर ठेवलेलं असतं. तेच तुम्ही हवा भरून खाऊन टाकलंत. आणखी एक गंमत: टाकीच्या व्हॉल्व्हमध्ये एक पातळ चकती असते, बर्स्ट डिस्क. प्रेशर हाताबाहेर गेलं की आधी ती फुटते आणि हवा बाहेर जाते. ओव्हरफिलला ती मध्येच दगा देते म्हणून काही महाभाग तिथे एकाऐवजी दोन चकत्या बसवतात. फ्यूज सारखा उडतो म्हणून जाड तार घालणारे आपल्याकडचे वायरमन आठवले की नाही?

पण माझा खरा आक्षेप वेगळाच आहे. ३६०० ची ती टाकी सगळ्यात धोकादायक कुठे असते? भरताना, कॉम्प्रेसरपाशी, आणि तिथे शेजारी उभा असतो तो फिल स्टेशनवरचा पोरगा. गुहेत जाणारा आपला जीव आपल्या मर्जीने पणाला लावतो, ठीक आहे. या पोराची मर्जी कुणी विचारली? नाही म्हणाला तर गिऱ्हाईक पुढच्या दुकानात जाणार. पैसे टाका, ३४४२ पीएसआयची हाय-प्रेशर टाकी घ्या किंवा एक जादा टाकी सोबत न्या. खिशाला कात्री लागेल, पण ती तुमच्या खिशाला.

ॲल्युमिनियमच्या टाकीबाबत तर वादच नको. स्टीलसारखी ती 'या ताणाखाली थकणार नाही' अशी मर्यादा या धातूला नाही. प्रत्येक ज्यादा फिल आयुष्यातून वजा होतो. ६३५१ या जुन्या मिश्रधातूच्या टाक्यांना तर मानेपाशी भेगा पडल्याचा इतिहास आहे.

आता तुम्ही म्हणाल, आम्ही तर तारकर्लीला जाऊन मासे बघणार, आम्हाला काय त्याचं? हिशोब करून बघा. अकरा लिटरची टाकी २०० बारला भरली की साधारण २२०० लिटर हवा. दहा मीटरवर नवखा माणूस मिनिटाला चाळीसेक लिटर ओढतो. वीस मिनिटांत ८०० संपले, निम्म्याहून जास्त शिल्लक! ज्यादा भरून मिळणार काय? भरताना टाकी तापते आणि गार झाल्यावर काटा खाली येतो, म्हणून भरणारा गरम टाकीत थोडी जास्त घालतो, ते वेगळं. अमेरिकन टाकीवर ठोकलेला आकडा २१ अंशांना मोजलेल्या प्रेशरचा असतो.

आपल्याकडे सिलिंडरचा कायदा म्हणजे गॅस सिलिंडर्स रुल्स, २०१६, आणि तो राबवणाऱ्या 'पेसो'चं मुख्यालय आहे नागपुरात, समुद्रापासून चांगलंच लांब. तेव्हा बोटीवर चढण्याआधी टाकीच्या खांद्यावर ठोकलेली टेस्टची तारीख स्वतःच वाचा. फोटोसाठी पोझ नंतर द्या. तारीख रंगाखाली गेली असेल तर दुसरी टाकी मागा, लाजू नका.