आधी मोजमाप, मग खोगीर

घोडेस्वारीच्या उपचारावर व्याख्यान असले की लिस हार्टेल यांचे नाव हमखास निघते. डेन्मार्कच्या या स्वाराला १९४४ मध्ये पोलिओ झाला, गुडघ्यांखालचे बळ गेले. तरीही १९५२ च्या हेलसिंकी ऑलिम्पिकमध्ये त्यांनी ड्रेसाजचे रौप्यपदक पटकावले. मात्र आजारापूर्वीच त्या निष्णात स्वार होत्या, हे सहसा सांगितले जात नाही. आपल्याकडे येणारा रुग्ण बहुधा कधी खोगिरावर बसलेलाही नसतो. त्याला काय लाभेल, हे त्या पदकावरून ठरत नाही.

उपचारामागचे तत्त्व पक्के आहे. घोडा संथ चालतो तेव्हा स्वाराची कंबर पुढे-मागे, डावी-उजवीकडे हलते आणि किंचित वळतेही, जवळपास माणूस चालताना हलते तशीच. पाय साथ देत नसले तरी प्रत्येक पावलागणिक धडाला तोल सावरावा लागतो.

पुरावा आशादायक आहे, पण बेताचा. गोथेनबर्गच्या २०१७ च्या अभ्यासात पक्षाघाताचे १२३ जुने रुग्ण होते. बारा आठवड्यांनंतर घोडेस्वारी गटातील ५६ टक्क्यांना बरे होण्यात प्रगती जाणवली, उपचाराविना थांबलेल्या गटात १७ टक्क्यांना. ही रुग्णांची स्वतःची जाणीव होती. शिवाय ताल-संगीताच्या गटातही ३८ टक्क्यांना ती झाली. जर्मनीत मल्टिपल स्क्लेरोसिसच्या ७० रुग्णांवर झालेल्या २०१८ च्या चाचणीत बर्ग स्केलवरचा तोल सुधारला, पण नेहमीचे उपचार घेणाऱ्यांशी तुलना करता फरक माफकच होता.

म्हणून फिजिओथेरपिस्टांना आमचे सांगणे एवढेच: रुग्णाला घोड्यावर बसवण्यापूर्वी बर्ग स्केल आणि चालण्याचा वेग नोंदवा, बारा आठवड्यांनी पुन्हा नोंदवा. फरक नसेल तर थांबा. हाडे ठिसूळ असणे, आटोक्यात न आलेले झटके, निखळलेला खुबा, बसण्याच्या जागी उघडी जखम, डाउन सिंड्रोममध्ये मानेच्या वरच्या मणक्यांची अस्थिरता, यांपैकी काही असेल तर घोडा नकोच. लगाम अनुभवी मोतद्दाराच्या हाती आणि गरजेनुसार रुग्णाच्या दोन्ही बाजूंना आधाराला माणसे हवीत. नेहमीचा व्यायाम बंद करून हा उपचार देऊ नये.

हौसेची रपेट आणि उपचार यांतला फरक या नोंदींतूनच दिसेल. त्या आमच्याकडे पाठवा. ज्यांच्यात काहीच सुधारणा झाली नाही, त्या रुग्णांच्याही. त्याही छापू.