सामान्य पूर्वजाचा शोध : जातीच्या रकान्यापलीकडे

२०२३ सालच्या सप्टेंबरात महाराष्ट्र शासनाने निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली आणि जुन्या दप्तरांतील कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला. आरंभी मराठवाड्यापुरते असलेले हे काम पुढे राज्यभर पसरले. कचेऱ्यांतील व शाळांतील जीर्ण रजिस्टरे कपाटांबाहेर आली. मोडी वाचणाऱ्यांना एकाएकी मागणी आली. मराठवाड्यात उर्दू जाणणारेही हवे झाले, कारण १९४८ पर्यंत तो प्रदेश निजामाच्या राज्यात होता. आरक्षणाच्या प्रश्नाचा निवाडा करण्याचे हे स्थळ नव्हे. प्रस्तुत लेखकाला खटकते ते वेगळेच. इतक्या सामान्य माणसांच्या नोंदी उघडल्या गेल्या, पण प्रत्येक ओळीत शोध होता तो एकाच शब्दाचा. तो सापडला की प्रमाणित प्रत घ्यावयाची आणि रजिस्टर पुन्हा बासनात.

त्या ओळीत आणखी बरेच काही असते. लोक ज्याला ‘कोतवाल बुक’ म्हणतात त्या गाव नमुना १४ मध्ये जन्ममृत्यूची तारीख, बापाचे नाव, जात आणि मृत्यूचे कारण आढळते. पटकी, देवी, प्लेग यांची नावे स्वतंत्र येतात. बाकीची बहुतेक माणसे नुसत्या ‘तापा’ने मरतात. १९१८ च्या इन्फ्लुएन्झाच्या साथीतले कितीतरी मृत्यू याच शब्दाखाली गेले. एका घरातील तीन नावे आठवड्याभरात त्या रकान्यात उतरली असतील, तर तेथे कुटुंबाचा इतिहास आहे. तो जातीच्या रकान्यात नाही.

स्त्रियांची गोष्ट आणखी बिकट. जन्माची नोंद बारशापूर्वी झाली तर नावाच्या जागी नुसते ‘मुलगी’ एवढेच राहते. पुढे लग्नात नाव बदलते आणि माग तुटतो. शोध बापाच्या बापाकडे सरकत राहतो, कारण दाखल्याला तीच साखळी लागते. पणजीचे नाव भेटलेच तर ते फेरफाराच्या नोंदीत भेटते : नवरा मयत, मुले अज्ञान, आणि ‘अ. पा. क.’, म्हणजे अज्ञान पालनकर्ती, या तीन अक्षरांपुढे तिचे नाव. जमीन कोणाच्या नावे लावावयाची हा प्रश्न उभा राहिला नसता, तर तेवढेही उरले नसते.

वृत्तपत्रांकडे वळले म्हणजे चित्र उलटे होते. १८४९ साली पुण्यात निघालेले ‘ज्ञानप्रकाश’ किंवा १८७७ साली कृष्णराव भालेकरांनी काढलेले ‘दीनबंधु’ यांसारख्या पत्रांत आणि जिल्ह्याच्या साप्ताहिकांत गाव येते, माणूस क्वचितच येतो. गावोगावच्या बातमीदारांच्या पत्रांत पाऊस, धारण, साथ यांची हकिकत असते. व्यक्तीचे नाव छापले जाते ते बहुधा कोर्टाच्या जाहीर नोटिशीत, म्हणजे कर्ज थकल्यावर. रजिस्टरात नाव आहे पण हकिकत नाही. वृत्तपत्रात हकिकत आहे पण नाव नाही. एका महिन्याचे रजिस्टर आणि त्याच महिन्याचा अंक शेजारी ठेवून वाचल्याखेरीज या माणसाचे आयुष्य उभे राहत नाही, आणि राहिले तरी अर्धेच राहते.

मराठीत कुलवृत्तांतांची परंपरा मोठी आहे. पण ती प्रामुख्याने लेखणी हाती असलेल्या घराण्यांची. ज्यांच्या घरी कागद नव्हता त्यांच्याविषयी दुसऱ्यानेच लिहिले. जुन्या कागदांवर पाटलाच्या नावापुढे ‘निशाणी नांगर’ असते, पुढील काळातल्या खतांवर अंगठा. वाक्य मात्र कुलकर्ण्याचे वा तलाठ्याचे. म्हणून या नोंदींना पूर्वजाचा आवाज समजणे भाबडेपणाचे ठरेल. (कादंबरीकाराने ती उणीव कल्पनेने भरावी, संशोधकाने भरू नये.)

तथापि गद्य म्हणून या नोंदींचा विचार आपल्या साहित्यविभागांनी फारसा केलेला दिसत नाही. बखरीची भाषा आपण अभ्यासतो, पत्रव्यवहाराची अभ्यासतो. तलाठ्याची संक्षिप्त, अक्षरे तोडणारी मराठी आपल्याला साहित्याच्या वेशीबाहेरची वाटते. मराठवाड्याच्या दप्तरात तर एकाच कुटुंबाचा माग उर्दूतून मराठीत उतरतो. भारतीय भाषांच्या तौलनिक अभ्यासकाला याहून जवळचे साधन कोणते?

माझी सूचना मर्यादित आहे. ज्या नोंदीची प्रत काढली जाते, तिची संपूर्ण ओळ बाळबोधीत उतरवावी : तारीख, वय, मृत्यूचे कारण, खबर देणाऱ्याचे नाव लिहिलेले असल्यास तेही, आणि न वाचता आलेल्या अक्षरांच्या जागी तशी खूण. मोडी जाणणारी माणसे या निमित्ताने एकत्र आली. त्यांच्याजवळ विद्यार्थ्यांना बसवावे. आरंभ एकाच तालुक्याच्या १९१८ सालच्या रजिस्टरांपासून करता येईल.