वाडीतले हसू आणि बाजारातले हसू

जनमताचा कानोसा घेण्याची एक नवी रीत अलीकडे रूढ झाली आहे. मोबाइलवर कोणती थट्टाचित्रे अधिक फिरली यावरून जनतेचा कल ठरविला जातो. राजकीय पक्ष सभा-संमेलनांपेक्षा अशा चित्रांच्या निर्मितीवर भिस्त ठेवू लागले आहेत आणि डाव्या चळवळीतील तरुण कार्यकर्तेही या मोहापासून अलिप्त राहिलेले नाहीत. अशा वेळी एक भेद स्पष्ट करणे अगत्याचे आहे. एकत्र जगणाऱ्या माणसांचा आपसातला विनोद आणि हातोहात फिरणारे ‘मीम’ वरवर सारखे दिसले, तरी त्यांचे सामाजिक स्वरूप अगदी भिन्न आहे.

‘मीम’ हा शब्द रिचर्ड डॉकिन्स या ब्रिटिश जीवशास्त्रज्ञाने १९७६ साली ‘द सेल्फिश जीन’ या ग्रंथात प्रथम योजला. अनुकरणाच्या द्वारे एका मनातून दुसऱ्या मनात पसरणारा सांस्कृतिक घटक, असा त्याचा मूळ अर्थ. आज तो शब्द बहुधा थट्टाचित्रांपुरता उरला असला, तरी नक्कल होत राहणे हेच त्याचे जीवन आहे. ते कोणी, कोणत्या प्रसंगी, कोणासाठी निर्माण केले हे ठाऊक असण्याची गरज नसते. साचा तयार असतो, त्यात मजकूर तेवढा बदलायचा. आपसातल्या विनोदाचे याच्या नेमके उलट आहे. ज्यांनी तो प्रसंग सोसला त्यांनाच तो कळतो. बोलणारा कोण हे ऐकणाऱ्याला माहीत असते आणि बोललेल्याचा जाब दुसऱ्या दिवशी त्याच पाणंदीत द्यावा लागतो.

हा भेद निव्वळ तात्त्विक नाही, हे श्रीवर्धनच्या उदाहरणावरून ध्यानात येईल. ३ जून २०२० रोजी दुपारी ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगडच्या याच किनाऱ्यावर धडकले. पिढ्यान्‌पिढ्या राखलेल्या नारळी-पोफळीच्या वाड्या काही तासांत आडव्या झाल्या. ‘श्रीवर्धनी रोठा’ म्हणून नावाजलेल्या सुपारीवर ज्यांचे घर चालते, त्यांचे पुढील कित्येक वर्षांचे उत्पन्न त्या दुपारी गेले. कारण नवे लावलेले पोफळीचे झाड धरू लागण्यास सहा-सात वर्षे लागतात. मुंबई मात्र वाचली. त्या सुटकेच्या आनंदात वादळाची टर उडविणारी चित्रे मुंबईत भराभर फिरली. त्याच वेळी श्रीवर्धन तालुक्यात विजेचे खांब कोसळलेले होते, दूरध्वनी मुके झाले होते आणि अनेक गावांत वीज परतण्यास कित्येक आठवडे लागले. ज्यांच्यावर वादळ आले त्यांच्यापर्यंत वादळावरचा विनोद पोहोचूही शकत नव्हता. देशभर हसे पिकत होते, आणि त्या हशात आपद्‌ग्रस्त माणूस तेवढा नव्हता.

तेव्हा वाडीत कोणी हसलेच नसेल असे मात्र नाही. संकटात हसणे ही कष्टकऱ्यांची जुनी शिदोरी आहे. समजा, पंचनाम्यास आलेल्या तलाठ्याने ‘झाडे किती?’ असे विचारले आणि वाडीवाला उत्तरला, ‘उभी सांगू की आडवी?’ या चार शब्दांत सारा हिशेब येतो. गुंठ्यांत मोजल्या जाणाऱ्या, दाट लागवडीच्या वाडीला हेक्टरी दराने मदत देऊ करणारी व्यवस्था त्यात आहे. पुढे शासनाने झाडामागे मदत ठरविली, ती सुपारीच्या झाडास ५० रुपये आणि नारळाच्या झाडास २५० रुपये. अशा उत्तरावर तलाठीही ओशाळून हसेल. पण त्याला झाडे मोजावीच लागतील. कारण तो आणि वाडीवाला एकमेकांना ओळखतात. आता तेच वाक्य उचलून सुस्त, लुंगीवाल्या कोकणी माणसाच्या चित्राखाली छापा. तलाठी गेला, हेक्टर गेले, ५० रुपये गेले. उरला तो ‘कोकणी माणसाचा गमतीदार स्वभाव’. श्रमापासून वस्तू तोडली की तिच्यावर कोणाच्या घामाचा डाग राहत नाही. विनोदाचेही बाजारात असेच होते.

पर्यटनाच्या बाजारात ‘येवा, कोकण आपलाच आसा’ हे वाक्य असेच फिरते. ते मालवणी बोलीतले आहे. श्रीवर्धनच्या कोळीवाड्यात, कुणब्यांच्या वाड्यांत किंवा कोकणी मुसलमानांच्या मोहल्ल्यात ती बोली कोणी बोलत नाही. तरी साऱ्या किनाऱ्याच्या तोंडी ते एकच वाक्य घातले जाते. कोकण ‘आपलाच’ म्हणणाऱ्यांत जमिनी घेणारेही असतात, हा त्यातला खरा विनोद; पण तो हसण्यासारखा नाही.

येथे एक आक्षेप विचारात घेतला पाहिजे. आपसातला विनोद सदैव निर्मळ असतो, असे मुळीच नाही. शिमग्याच्या बोंबेत गावच्या सावकाराची अब्रू निघाली, तशी दुबळ्या जातींची आणि स्त्रियांचीही निघाली. लहान वर्तुळ उबदार असते, तसेच ते निर्दयही असू शकते. म्हणून विनोद कोणाचा एवढेच पुरेसे नाही. तो कोणाकडे तोंड करून केला आहे, हेही पाहावे लागते.

आणीबाणीतील एक प्रसंग या दृष्टीने बोलका आहे. २८ जून १९७५ रोजी मुंबईच्या ‘टाइम्स ऑफ इंडिया’त निधनवार्तेची एक छोटी जाहिरात छापून आली. नावांची मोडतोड अशी केली होती की, मृत व्यक्ती म्हणजे लोकशाही आणि पत्नी म्हणजे सत्य, हे जाणत्याला तत्काळ कळावे. सेन्सॉरच्या अमलात ती छापण्यास द्यायची म्हणजे तुरुंगाशी गाठ होती. आज जूनअखेरीस तीच जाहिरात सर्व रंगांचे पक्ष एकमेकांना सुखेनैव पाठवितात. शब्द तेच आहेत. पण पाठविणाऱ्याला त्यासाठी काहीही मोजावे लागत नाही. एकेकाळी जो धोका पत्करलेल्यांचा संकेत होता, तो आता साचा झाला आहे.

यावरून कार्यकर्त्यांनी घ्यायचा बोध सरळ आहे. मीमचा वापर निषिद्ध मानण्याचे कारण नाही. भित्तिपत्रक आणि घोषणा हीदेखील नकलेची साधनेच होती. पण ती संघटनेच्या मागोमाग आली, संघटनेच्या जागी नव्हे. दहा हजार जणांनी एकाच चित्रावर हसणे म्हणजे दहा हजारांची एकजूट नव्हे. पंचनाम्याच्या वेळी वाडीत उभे राहणे, भरपाईचा दर झाडाच्या वयावर आणि बुडालेल्या उत्पन्नावर ठरावा म्हणून तहसील कचेरीवर जाणे, आणि तेथे ताटकळत बसलेल्यांत जो विनोद आपोआप उगवेल त्यात सामील होणे, हे काम कोणतेही चित्र करू शकत नाही. ज्या पक्षाला जनतेचे आपसातले विनोद कळत नाहीत, तो त्या जनतेपासून किती दूर गेला आहे, याचे मोजमाप करण्यास निवडणुकीची वाट पाहावी लागत नाही.