म्हणणे न ऐकता दिलेला निकाल

गेल्या तिमाहीत आमच्या मंडळात 'कादंबरी आणि चित्रपट' या विषयावर चर्चा झाली. एका तरुण सभासदाने मेरी शेली यांच्या 'फ्रँकेन्स्टाइन' या भयकादंबरीचा दाखला देऊन असे प्रतिपादन केले की, चित्रपट हे निराळे माध्यम आहे, तेथे काटछाट अपरिहार्य आहे, आणि काही प्रसंग गाळल्याने मूळ कथेचे काही बिघडत नाही. कथा तर सर्वांना ठाऊकच आहे. सभेने माना डोलावल्या. तेवढ्यात चहा आला आणि विषय संपला. आम्हीही काही बोललो नाही. ते मौन मागाहून आम्हांस बोचत राहिले, म्हणून हे टिपण.

कथा सर्वांना ठाऊक आहे, हेच मुळात खरे नाही. सर्वांना ठाऊक आहे तो १९३१ सालचा, जेम्स व्हेल यांनी दिग्दर्शित केलेला चित्रपट. बोरिस कार्लॉफ यांचे ते सपाट माथ्याचे, जड पापण्यांचे रूप इतके रुजले की, ज्यांनी चित्रपट पाहिला नाही त्यांच्याही डोळ्यांपुढे तेच उभे राहते. १८१८ च्या जानेवारीत लंडनमध्ये लेखिकेच्या नावाविना प्रसिद्ध झालेली कादंबरी मात्र फार थोड्यांनी वाचली आहे. लेखिकेने ती १८१६ च्या उन्हाळ्यात जिनिव्हानजीक लिहावयास घेतली तेव्हा तिचे वय अवघे अठरा होते.

या कादंबरीचा गाभा कोणता? १८३१ च्या सुधारित आवृत्तीत चोवीस प्रकरणे आहेत. त्यांतील अकरा ते सोळा ही सहा प्रकरणे त्या निर्मिलेल्या जीवाने स्वतःच्या तोंडाने सांगितलेली आहेत. निर्मात्याने, म्हणजे व्हिक्टर फ्रँकेन्स्टाइनने, त्याला पहिल्या रात्रीच टाकून दिले. भटकत भटकत तो एका खोपटात येऊन राहिला. खोपटाला लागून एका दरिद्री कुटुंबाचे घर होते: आंधळे वृद्ध द लासी, त्यांचा मुलगा फेलिक्स आणि मुलगी अगाथा. भिंतीच्या फटीतून तो त्यांना पाहत असे. रात्री गुपचूप त्यांच्यासाठी सरपण आणून ठेवी, वाटेवरचा बर्फ दूर करी. पुढे सफी नावाची परदेशी मुलगी त्या घरी आली, फेलिक्स तिला भाषा शिकवू लागला, आणि भिंतीपलीकडे हा दुसरा विद्यार्थी तिच्याहून लवकर शिकला. रानात सापडलेल्या एका पेटीतून त्याने मिल्टन, प्लुटार्क आणि गटे वाचले. अखेर एके दिवशी धीर करून तो आंधळ्या म्हाताऱ्यापुढे जाऊन बसला. म्हाताऱ्याने त्याचे शब्द ऐकले आणि त्याला माणूस मानले. तेवढ्यात मुले परतली, त्यांनी त्याचे रूप पाहिले, आणि फेलिक्सने त्याला काठीने झोडपले. त्यानंतर त्याने एका बुडत्या मुलीला पाण्यातून वाचवले, तर तिच्यासोबतच्या माणसाने त्याच्यावर गोळी झाडली. त्याच्या हातून पहिला खून घडतो तो या सर्वांनंतर.

१९३१ च्या चित्रपटात यांतले काहीही नाही. सुमारे सत्तर मिनिटांच्या त्या चित्रपटात हा जीव एक शब्दही बोलत नाही, केवळ गुरगुरतो. आपल्याकडे ज्या वर्षी 'आलम आरा' आला, त्याच वर्षीचा हा बोलपट. त्यात सर्वांना वाचा मिळाली. कादंबरीत जो सर्वांत उत्तम बोलतो, तो एकटाच मुका राहिला. एवढ्यावर भागले नाही. चित्रपटकर्त्यांनी पदरचा एक प्रसंग घातला. फ्रिट्झ नावाचा मदतनीस वैद्यकीय महाविद्यालयातून मेंदू चोरावयास जातो, निरोगी मेंदूची बरणी त्याच्या हातून पडते आणि तो गुन्हेगाराचा मेंदू उचलून आणतो. म्हणजे लेखिकेने दुष्टपणाचे मूळ माणसांच्या वागणुकीत दाखवले होते, ते चित्रपटाने बरणीत नेऊन ठेवले. साक्षीदार हटवले आणि खोटा पुरावा दाखल केला! यास आम्ही काटछाट म्हणत नाही. हा निकाल फिरवणे आहे.

आमचे आयुष्य राज्य शासनाच्या महसूल खात्यात गेले. न्यायशास्त्राचे आम्ही पंडित नाही, परंतु एक तत्त्व पहिल्याच वर्षी शिकवले जाते: दुसऱ्या बाजूचे म्हणणे ऐकल्याशिवाय आदेश काढू नये. बर्फाळ डोंगरावर निर्माता भेटतो तेव्हा हा जीव नेमकी हीच मागणी करतो. मनुष्यांचे कायदे कितीही कठोर असले तरी दोषी ठरवण्यापूर्वी आरोपीस बोलू देतात, तेवढे तरी तू मला दे, असा त्याचा अर्ज आहे. व्हिक्टर तो मान्य करतो. चित्रपटाने तो फेटाळला.

आता तरुण मित्रांचे आक्षेप पाहू. पहिला आक्षेप वेळेचा. सत्तर मिनिटांत सहा प्रकरणे कशी बसवावीत? प्रश्न रास्त वाटतो. परंतु मेंदूच्या चोरीला वेळ मिळाला, नवरदेवाच्या वृद्ध पित्याच्या विनोदाला मिळाला, मशाली घेतलेल्या जमावाला आणि जळत्या पवनचक्कीला मिळाला. कादंबरीत असे काहीही नाही. वेळ होता; तो कशासाठी द्यावयाचा, हे ठरलेले होते. आणि हा दोष चित्रपटाच्या तंत्राचा म्हणावा, तर १८२३ साली लंडनच्या रंगभूमीवर पीक यांनी केलेल्या पहिल्या नाट्यरूपांतरातही हा जीव मुकाच होता. कॅमेऱ्याचा शोध लागण्याच्या कितीतरी आधीच त्याची जीभ कापली गेली होती.

दुसरा आक्षेप असा की, लांबलचक आत्मकथन पडद्यावर रटाळ होते. याचे उत्तर व्हेल यांनीच देऊन ठेवले आहे. १९३५ च्या 'ब्राइड ऑफ फ्रँकेन्स्टाइन'मध्ये त्यांनी आंधळ्या म्हाताऱ्याचा प्रसंग वेगळ्या रूपात परत आणला. रानातील झोपडीत एकटा राहणारा अंध साधक व्हायोलिन वाजवतो, या जिवाला जेवू घालतो, चार शब्द शिकवतो. आजही त्या चित्रपटाविषयी बोलताना जाणकार या प्रसंगाची आठवण काढल्यावाचून राहत नाहीत. रटाळ म्हणून टाकलेला माल हाच होता ना?

तिसरा आक्षेप भीतीचा. राक्षसाची कीव आली की भीती संपते, असे म्हणतात. आमचा अनुभव उलट आहे. गुरगुरणाऱ्या पशूची भीती चित्रपटगृहाच्या दारापर्यंत टिकते. परंतु ज्याने सरपण वाहिले, प्लुटार्क वाचला, त्याच हातांनी लहानग्या विल्यमचा गळा दाबला, त्याची भीती घरापर्यंत येते. कारण ती त्याच्या एकट्याची नसते.

कार्लॉफ यांच्यावर आमचा राग नाही. त्या अभिनेत्याने डोळ्यांनी आणि हातांनी जे सांगितले ते शब्दांविना सांगितले, हे त्यांचे थोरपण. परंतु कादंबरीत बुडत्या मुलीला वाचवणारा हा जीव चित्रपटात एका मुलीला तळ्यात फेकतो, हे विसरता येत नाही. ते दृश्यही पुढे अनेक ठिकाणी कात्रीत सापडले. त्याने हात पुढे केला आणि नंतर बाप मुलीचे प्रेत घेऊन आला, एवढेच उरले. मधल्या गाळलेल्या जागेत प्रेक्षकांनी त्याहून भयंकर काही भरले. कितीतरी वर्षांनी तो तुकडा पुन्हा जोडला गेला. गाळलेली जागा रिकामी राहत नाही, याचे याहून चांगले उदाहरण आम्हांस ठाऊक नाही.

अलीकडचे चित्रपट अधिक प्रामाणिक आहेत, असे सांगण्यात येते. अंशतः खरे आहे. १९९४ साली केनेथ ब्राना यांनी ते खोपटे आणि उत्तर ध्रुवाकडची चौकट परत आणली. २०२५ मध्ये गिलेर्मो देल तोरो यांनी या जिवाला स्वतःची कथा सांगू दिली, याबद्दल त्यांचे अभिनंदन. तथापि, जस्टिन मॉरिट्झचे काय? फ्रँकेन्स्टाइनांच्या घरातील ही मोलकरीण विल्यमच्या खुनाच्या खोट्या आरोपावरून फाशी जाते. तिच्यावर रीतसर खटला चालतो. धर्मगुरूने बहिष्काराचा धाक घातल्यामुळे ती न केलेल्या गुन्ह्याची कबुली देते. खरा खुनी कोण हे व्हिक्टरला कळून चुकलेले असते, पण तो तोंड उघडत नाही. १९३१ मध्ये जस्टिन नाही. १९९४ मध्ये तिला जमाव लटकवतो, न्यायालय नाहीसे होते. २०२५ मध्ये ती पुन्हा नाही. शिवाय या शेवटच्या चित्रपटात एलिझाबेथ व्हिक्टरच्या गोळीने मरते. कादंबरीत तिचा गळा हा जीव दाबतो. पूर्वी त्याचा बचाव कापला, आता त्याचा गुन्हा कापला. मेरी शेली यांनी दोन्ही ठेवले होते, आणि ती अवघड बेरीज वाचकावर सोपवली होती.

आपल्या वृत्तपत्रांत आणि व्याख्यानांत 'फ्रँकेन्स्टाइन' म्हणजे भस्मासुर, असे समीकरण रूढ झाले आहे. तेही चित्रपटाचेच फळ. भस्मासुराने वर मागितला होता आणि तो त्याला मिळाला. या जिवाने जन्मही मागितला नव्हता. त्याने नंतर मागितले ते केवळ कोणी जवळ करावे एवढेच. दोघांना एकाच पंक्तीत बसवणारा मनुष्य पुस्तक न वाचता बोलतो, एवढे निश्चित.

आम्हांला हे इतके का लागते, तेही सांगतो. नोकरीच्या सुरुवातीस एका अतिक्रमणाच्या प्रकरणात आम्ही सही केली. सोबतच्या सार-टिपणात लिहिले होते की, संबंधिताचे विशेष म्हणणे नाही. काही वर्षांनी तीच नस्ती दुसऱ्या कामासाठी उघडली, तेव्हा शेवटी टाचणी लावलेली चार पाने सापडली. त्या मनुष्याने आपल्या वाकड्यातिकड्या अक्षरांत सर्व काही लिहून दिले होते. टिपण करणाऱ्याने ती पाने रटाळ म्हणून गाळली असतील. पण ती आहेत का, हे पाहण्याचे काम आमचे होते. तोवर त्याचे दुकान तुटले होते आणि तो गाव सोडून गेला होता. त्यानंतर सार वाचून आम्ही कधी सही केली नाही.

आपण पिढ्यान्‌पिढ्या इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे, हैदराबाद अशा ठिकाणी राहिलेली माणसे. आपल्या पूर्वजांनी शेजारच्या अंगणातील भाषा कान देऊन आत्मसात केली. आपली नातवंडे आज मराठी आजीच्या खोलीच्या दाराशी उभी राहून ऐकतात. भिंतीपलीकडून भाषा शिकणाऱ्याचे दुःख आपल्याला कोणी समजावून सांगण्याची गरज पडू नये.

म्हणून एक सूचना. पुढील बैठकीत चित्रपट अवश्य दाखवावा, परंतु त्याआधी दोन बैठका घेऊन ती सहा प्रकरणे वाचून, मराठीत सांगून व्हावीत. वाचण्याची जबाबदारी आम्ही घेतो. त्यानंतर आमच्या तरुण मित्रांनी काय गाळावे ते खुशाल ठरवावे. त्यांचा निकाल आम्ही मान्य करू.