महामार्गाआधी पाण्याची वाट

मुंबई-गोवा महामार्गाचे चौपदरीकरण हा विषय आता लोकांच्या थट्टेचा झाला आहे, आणि रस्तेबांधणीत आयुष्य घालवणाऱ्या आपल्यासारख्यांना ते शोभणारे नाही. पनवेल ते इंदापूर या 84 किलोमीटरच्या टप्प्याचे काम 2011 मध्ये सुरू झाले आणि दशक उलटले तरी रेंगाळतच राहिले. गणपतीला गावी निघालेला चाकरमानी वर्षानुवर्षे खड्ड्यांतून गेला. भूसंपादन, कर्नाळा अभयारण्यातील परवानग्या, ठेकेदारांची आर्थिक कोंडी ही कारणे खरीच आहेत. त्यांवर भरपूर लिहूनही झाले. या अंकात बोलायचे आहे ते पाण्याबद्दल, कारण तिथे निर्णय अभियंत्याच्याच हातात असतो.

जुना 17 आणि 2010 च्या फेररचनेनंतरचा 66 क्रमांकाचा हा महामार्ग पेण, महाड, चिपळूण, कणकवली करत पत्रादेवीला गोव्यात शिरतो आणि पुढे किनारपट्टी धरून कन्याकुमारीपर्यंत जातो. रस्ता उत्तर-दक्षिण, तर सह्याद्रीचे पाणी पूर्वेकडून पश्चिमेला. म्हणजे सावित्री, जगबुडी, वाशिष्ठी, शास्त्री यांच्यापासून गावच्या लहानशा व्हाळापर्यंत प्रत्येक प्रवाहाला हा रस्ता आडवा जातो. रस्ता रुंद करून भराव उंच केला आणि मोरी मात्र जुन्याच मापाची ठेवली, तर तो भराव बंधारा होतो. पाणी मग शेतात तुंबते किंवा रस्ता फोडून निघते.

डोंगर कापला तिथली गोष्ट आणखी नाजूक. वरचा जांभा सच्छिद्र. त्यातून मुरलेले पाणी खालच्या मऊ, चिकण मातीवर येऊन थांबते. तो थर बुळबुळीत झाला की वरचा सगळा भार घसरतो. म्हणून कापाच्या माथ्यावर, कडेपासून मागे, पक्के अस्तर असलेले गटार हवे. उतारावर पायऱ्या हव्यात. संरक्षक भिंतीच्या पाठीशी खडीचा थर आणि भिंतीत पाणी निघायला मोकळी भोके हवीत. परशुराम घाटात 2022 च्या उन्हाळ्यात दुपारचे काही तास वाहतूक बंद ठेवून काम करावे लागले, आणि त्यानंतरही दरडीची धास्ती संपली नाही. घाटाच्या पायथ्याला पेढे गावची वस्ती आहे, हे नकाशावर रेघ ओढणाऱ्याने विसरू नये. कशेडीच्या बोगद्याने अवघड घाट टळला, पण त्यालाही पावसाळ्यात गळती लागली आणि ग्राउटिंग करावे लागले.

पाण्याकडे दुर्लक्ष झाले की काय होते, हे 2 ऑगस्ट 2016 च्या रात्री महाडजवळ दिसले. सावित्रीच्या पुरात ब्रिटिशकालीन दगडी कमानी पूल कोसळला. दोन एसटी गाड्या आणि इतर वाहने माणसांसह वाहून गेली. तिथला नवा पूल 165 दिवसांत उभा राहिला आणि जून 2017 मध्ये खुला झाला. म्हणजे ठरवले तर आपल्याला जमते. पण ती तत्परता माणसे गेल्यावर आली, याचे शल्य आपल्या व्यवसायाने बाळगलेच पाहिजे.

म्हणून आमचे म्हणणे स्पष्ट आहे. प्रकल्प अहवालात मोऱ्यांची मापे जुन्या नोंदींवरून उचलू नका. पाणलोट पुन्हा मोजा, पुराची खूण गावातल्या वयस्कर माणसाला विचारा. निविदेत गटारे, मोऱ्या आणि उतारांचे संरक्षण शेवटच्या पानावर ढकलू नका. एखाद्या टप्प्यातील ही कामे पुरी झाल्याखेरीज तिथल्या काँक्रीटचे देयक निघणार नाही, अशी अट घाला. काम चालू असताना लोक ज्या वळणरस्त्यावरून जातात, त्यालाही गटार आणि आडवा उतार द्या. खड्डे पडतात ते मुख्यतः तिथेच.

मे महिना संपण्याआधी आपापल्या टप्प्यातील प्रत्येक मोरी वाकून पाहा आणि प्रत्येक कापाच्या माथ्यावर स्वतः चढून जा. कोकणात रस्ता टिकतो की नाही, हे तिथेच ठरते.