पाऊस ओसरताना, दोघांनी

सप्टेंबरात साताऱ्याचा यवतेश्वर घाट एका सकाळी धावणाऱ्यांनी भरून जातो. २०१२ मध्ये सुरू झालेल्या सातारा हिल हाफ मॅरेथॉनचे अंतर २१ किलोमीटर. आधी घाटाचा चढ, मग तोच उतार. पहिलीच शर्यत इथे धावणाऱ्या जोडप्यांपुढे प्रश्न असतो: एकाचा वेग कमी पडला तर दुसऱ्याने थांबायचे का?

थांबावे, असे आमचे मत.

शरदातली जोडीची भटकंती हा या अंकाचा विषय. नोकऱ्या, मुले आणि न जुळणाऱ्या सुट्ट्या यांत अनेक नवरा-बायकोंचे एकत्र बाहेर पडणे लग्नकार्यांपुरते उरले आहे. म्हणून हा विषय आत्ता घ्यावासा वाटला. शर्यतीच्या जोडीला कास पठार आहे, सात वर्षांनी फुलणारी टोपली कारवी आहे आणि कोल्हापूरच्या अंबाबाईचे नवरात्रही. ललितापंचमीला देवीची पालखी त्र्यंबोलीच्या भेटीला जाते, तेव्हा त्या गर्दीत दोघांनी मिळून चालावे. महागड्या सहली आम्ही मुद्दाम टाळल्या आहेत. कासला जाताना मात्र आधी नोंदणी करा आणि फुलांत पाय घालू नका.

यंदा तुम्ही दोघे कुठे गेलात, ते आम्हाला जरूर लिहून कळवा.