लहान ओटा, मोठा स्वयंपाक

घरांतील वृद्ध माणूस आणि घरांतील जुनें यंत्र यांच्यावर एकच आरोप वारंवार येतो. तो हा कीं, आतां हें मंद झालें. आरोप करणारा बहुधा कारण शोधण्याच्या भानगडींत पडत नाहीं, आणि आश्चर्य असें कीं, ज्याच्यावर आरोप होतो तोही तो मुकाट्यानें मान्य करतो. २०२५ च्या दिवाळींत आम्हांस याचा जो अनुभव आला, तो वाचकांपुढें ठेवावा असें वाटल्यावरून या महिन्याचें हें सदर आम्ही एका जुन्या संगणकास देत आहों.

आमचे मामा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे. निवृत्तीनंतर त्यांनीं आपल्या घराण्याचा कुलवृत्तांत लिहावयास घेतला व त्याचीं तीनशेंहून अधिक पृष्ठें २०१३ सालीं घेतलेल्या संगणकावर स्वतः टंकलिखित केलीं. आम्ही दिवाळीस गेलों, तों त्या यंत्रावर मामींनीं विणलेलें झांकण पडलेलें. "कुलवृत्तांत कुठवर आला?" असें विचारतांच मामा म्हणाले, "सोडून दिला रे. एक अक्षर दाबावें, तें उमटेपर्यंत पुढें काय लिहावयाचें होतें तेंच विसरतों. यंत्राला बोल कशाला लावूं? माझीच स्मरणशक्ति गेली." परदेशांतील चिरंजीवांनीं "बाबा, तें टाकून द्या, नवें घेऊं," असें कळविलें होतें, परंतु नव्या यंत्रावर पुन्हां श्रीगणेशा गिरविण्याची मामांची तयारी नव्हती.

आम्हीं झांकण काढलें व यंत्र सुरू करून कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकदम दाबल्या. त्यानें 'टास्क मॅनेजर' उघडतो, आणि त्यांतील 'परफॉर्मन्स' या भागांत यंत्राची नाडी पाहावयास मिळते. मामांचें लिखाण, ब्राउझरचीं सहासात पानें आणि व्हायरसपासून रक्षण करणारा प्रोग्राम एवढेंच चालू असतां चार गिगाबाइट मेमरीपैकीं ९४ टक्के भरली होती. हार्ड डिस्क शंभर टक्के राबत होती. प्रोसेसर मात्र जवळजवळ स्वस्थ बसला होता. निदान तेथेंच झालें.

हें आमच्या वाचकभगिनींस चटकन समजेल. मेमरी, म्हणजे जिला रॅम म्हणतात ती, स्वयंपाकघरांतील ओटा होय आणि हार्ड डिस्क हा माळा. ओट्यावर जागा उरली नाहीं, म्हणजे परात ठेवण्यासाठीं पातेलें माळ्यावर चढवावें लागतें, आणि पातेलें हवें झालें कीं परात वर नेऊन तें खालीं आणावें लागतें. सुगरण तीच, चूल तीच. पण सारा वेळ शिडीवर जातो. संगणकांतही मेमरी भरली कीं कमी लागणारा मजकूर डिस्कवर ठेवला जातो व लागतांच परत आणला जातो. मेमरीस उत्तर देण्यास सेकंदाचा सुमारें एक कोटीवा हिस्सा लागतो. उलट मिनिटास ७२०० फेरे घेणाऱ्या डिस्कच्या तबकडीस नुसता अर्धा फेरा घेण्यास सेकंदाचा २४० वा हिस्सा लागतो. म्हणजे शिडीची ही एक खेप ओट्यावरील कामाच्या चाळीस हजारपटीहूनही महाग!

१९७० सालीं बाजारांत आलेल्या 'इंटेल ११०३' या मेमरीच्या चिपेंत अवघे १०२४ बिट मावत. मामांच्या चार गिगाबाइटांत ३,४०० कोटींहून अधिक मावतात, तरी तेवढ्यानें भागत नाहीं. कारण आजचे प्रोग्राम व वेबपानें त्याच प्रमाणांत विस्तारलीं आहेत. मामांचें यंत्र २०१३ सालीं जितकें चपळ होतें तितकेंच आजही होतें. मंद झालें नव्हतें. त्याच्यावरील भार वाढला होता.

मेमरी वाढवितांना चार गोष्टी पाहाव्या. पहिली, जात. डीडीआर-३, डीडीआर-४ व डीडीआर-५ या पट्ट्यांच्या खांचा निरनिराळ्या जागीं असतात. एकीच्या जागीं दुसरी बसत नाहीं, बळजबरी केल्यास मोडेल. दुसरी, मदरबोर्डावर रिकामी जागा आहे काय व तो एकूण किती मेमरी स्वीकारतो. तिसरी, विंडोज ३२ बिटांची असल्यास घरगुती यंत्रांत चार गिगाबाइटांपलीकडील भर व्यर्थ जाते. चौथी, बसवितांना वीज पूर्ण तोडावी, हात आधीं उघड्या धातूस लावावा, आणि खांच जुळवून दोन्ही टोकें खटका वाजेपर्यंत दाबावीं.

आम्हीं जुन्या सुट्या भागांच्या दुकानांतून त्याच जातीची चार गिगाबाइटांची पट्टी आणली. नव्या यंत्राच्या किमतीपुढें तिची किंमत नगण्य होती. ती बसवितांच भरलेल्या मेमरीचा आंकडा निम्म्याच्या आसपास उतरला व डिस्क शांत झाली.

तथापि हा रामबाण उपाय आहे असें आमचें म्हणणें नाहीं. यंत्र सुरू होण्यास पूर्वींइतकाच वेळ लागतो; तो दोष डिस्कचा असून त्यास एसएसडी हाच उतारा. ज्या यंत्रांत मेमरी मुळांतच रिकामी आहे, तेथें भर घालून कांहींच लाभ नाहीं. आणि २०२५ च्या अखेरीस मेमरीचे भाव फार चढले असल्यानें निदानावांचून खरेदी करूं नये. शिवाय विंडोज १० ची सर्वसाधारण सुरक्षासेवा १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं संपली, आणि इतक्या जुन्या प्रोसेसरास विंडोज ११ अधिकृतपणें चालत नाहीं. म्हणून या यंत्रावर बँकेचे व्यवहार करूं नयेत असें आम्हीं मामांस बजाविलें, व कुलवृत्तांताची एक प्रत पेन ड्राइव्हवर उतरवून मामींच्या कपाटांत ठेवली.

नंतर मामा यंत्रापुढें बसले. पणजोबांच्या काशीयात्रेचें अर्धवट राहिलेलें वाक्य त्यांनीं पुरें केलें, मग दुसरें लिहिलें, मग तिसरें. अक्षर बोटाबरोबर उमटत होतें. बऱ्याच वेळानें ते मागें न पाहतांच म्हणाले, "म्हणजे मी विसरत नव्हतों तर!"

मामींनीं झांकणाची घडी करून ती खणांत ठेवली. आमच्या वाचकांच्या घरीं कोणी "आतां मला जमत नाहीं" म्हणून एखादें काम बाजूस ठेवलें असेल, तर दोष माणसाचा कीं साधनाचा, एवढें एकदां पाहून घ्यावें, इतकीच आमची विनंती आहे.